पाच रुपयांचा रंग

घरी केलेल्या लोखंडाच्या, पत्र्याच्या लहानसहान वस्तूंना रंग कसा द्यायचा, आणि तोही खिशाला फार चाट न लावता, हे गेल्या दोन-तीन महिन्यांत इतक्या जणांनी फोनवर विचारलं की शेवटी ठरवलं, एकदाच सविस्तर लिहून टाकावं. मी काही रंगारी नाही. आयुष्यभर पाचवी ते सातवीला मराठी आणि इतिहास शिकवला. रंगाशी संबंध आला तो फळ्यावरच्या रंगीत खडूंपुरता. पण गरज पडली की माणूस सत्तरीतही शिकतो. शिवाय शिकलेलं दुसऱ्याला सांगितल्याशिवाय आम्हा मास्तर मंडळींना चैन पडत नाही, हे तुम्ही जाणताच.

गरज कशी पडली ते आधी सांगते, म्हणजे पुढचा काटकसरीचा आग्रह समजेल.

माझा धाकटा बंधू लोट्याच्या एमआयडीसीत फिटर होता. निवृत्तीनंतर घरामागच्या पडवीत त्याने आपलं छोटं दुकान मांडलं होतं. शेगा, कानशी, पत्रा कापायची कात्री, हातड्रिल असं सगळं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा पडवीही बुडाली. पाणी उतरलं, चिखल उपसला, पण हत्यारांवर जो गंज चढला तो चढलाच. तो तेव्हा सत्तरीला टेकला होता. कित्येक महिने नुसता बसून असायचा. मग एक दिवस आपणहून शेगा घासायला बसला, आणि त्यानंतर दुधाच्या पावडरीचे डबे, सायकलच्या जुन्या आऱ्या, तार, पट्ट्यांचे तुकडे यांतून वस्तू करू लागला. माशाच्या आकाराचं किल्ल्या अडकवायचं हूक, पणतीचा स्टँड, उदबत्तीचं घर, चिमुकली बैलगाडी. नातेवाइकांत बहुतेकांच्या घरी त्याचं एखादं हूक आहेच.

पुढे त्याच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. पत्रा कापणं, वाकवणं त्याला अजून जमतं, कारण वस्तू शेग्यात घट्ट धरलेली असते. पण ब्रश धरला की रेघ नागमोडी. आणि कोकणात लोखंड रंगाविना ठेवणं म्हणजे गंजाला आमंत्रण. एका पावसाळ्यात माशाचा बोंबील होतो! म्हणजे रंग थांबला की कामच थांबणार, आणि काम थांबलं की तो पुन्हा पडवीत नुसता बसणार, हे मला आणि भावजयीला स्वच्छ दिसत होतं.

दुसरी अडचण पैशाची. त्याची पेन्शन औषधांनाही पुरी पडत नाही, आणि माझ्याकडून पैसे घेणं त्याच्या स्वभावात नाही. हूक साठ रुपयांना जातं. त्याने मला सरळ सांगितलं, "ताई, रंगाचा खर्च किमतीच्या दहाव्या हिश्शावर गेला, तर मी हे बंद करणार. तुझ्या पेन्शनवर माझे मासे रंगवायचे नाहीत." म्हणजे एका वस्तूमागे जास्तीत जास्त सहा रुपये. पावडर कोटिंगची चौकशी केली, तर शंभर-दोनशे नग एकदम आणा म्हणाले. आमचे महिन्याला जेमतेम वीस-पंचवीस नग. तेव्हा घरीच रंगवायचं ठरलं. मी रंगाची वेगळी वही घातली आणि कामाला लागले.

पहिली गोष्ट जी कळली ती अशी, की रंग टिकतो तो रंगामुळे कमी आणि खालच्या तयारीमुळे जास्त. महागाचा डबा आणला तरी तेलकट पत्र्यावर तो महिन्याभरात पापुद्रे सोडतो. म्हणून वस्तू आधी धुण्याचा सोडा आणि भांड्यांचा साबण घातलेल्या गरम पाण्यात घासायची. तेल गेलं की नाही याची परीक्षा फुकटातली आहे. वस्तूवर पाणी ओता. पाणी सलग पसरलं तर स्वच्छ, त्याचे मोत्यासारखे थेंब झाले तर अजून तेल आहे. धुतल्यावर हाताने चोळायची नाही, कडेला धरायची. आपल्या बोटांनाही तेल असतंच.

गंज असेल तर वाण्याकडे मिळणाऱ्या लिंबूफुलाच्या पाण्यात वस्तू रात्रभर बुडवून ठेवायची. एक मोठा चमचा लिंबूफूल, अर्धा लिटर पाणी. सकाळी गंज मऊ होतो, तारेच्या ब्रशने घासला की निघतो. मग सोड्याच्या पाण्यातून काढायची, म्हणजे उरलेलं आम्ल मरतं, आणि लगेच कोरडी करायची. "लगेच" हा शब्द वहीत मी लाल शाईने लिहिला आहे, कारण ओलं उघडं लोखंड तासाभरात पुन्हा तांबूस व्हायला लागतं. मग पॉलिश पेपर. चकचकीत पृष्ठभागाला रंग धरून राहायला जागाच मिळत नाही, बारीक ओरखडे हवेत. दुधाच्या डब्यावरची छपाईही त्यानेच खरवडायची. हे घासकाम ओलं करून केलं तर धूळ नाकात जात नाही.

त्यानंतर प्रायमर. लोखंडाला रेड ऑक्साइड, तोच तो विटकरी रंग जो खिडक्यांच्या गजांना लावतात. एक पातळ हात पुरे. प्रायमर वगळून पैसे वाचवू असं ज्यांना वाटतं त्यांना वहीतला आकडा सांगते. एका हुकामागे प्रायमरचा खर्च पडतो पंचावन्न पैसे!

आता जस्ताच्या पत्र्याची भानगड. बादल्या, पन्हळी यांचा तो पांढुरका पत्रा. त्यावर नेहमीचा ऑइल पेंट थेट मारला तर काही महिन्यांत सालपटासारखा सुटून येतो. आमच्या शाळेतले विज्ञानाचे निवृत्त सर शेजारच्या आळीत राहतात, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, जस्त आणि रंगातलं तेल यांचा साबण तयार होतो. साबणावर रंग कसा टिकेल?" मला आधी थट्टाच वाटली, पण ती खरोखर रासायनिक क्रिया आहे. उपाय असा, की असा पत्रा व्हिनेगरने पुसून, धुऊन, वाळवायचा आणि जस्ताच्या पत्र्यासाठी म्हणून मिळणारा पाण्यातला प्रायमर वापरायचा. दुकानदाराला "जीआय पत्र्याचा" असं सांगितलं की कळतं. अॅल्युमिनियमच्या वाटेला आम्ही जात नाही. त्यासाठी पूर्वापार वापरला जाणारा पिवळा झिंक क्रोमेट प्रायमर विषारी असतो, तो घरात नकोच.

रंगाचे छोटे डबे मिळतात हे आपल्यासारख्यांचं भाग्य. देशावर बेंदराला, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायला असे चिमुकले डबे लोक नेतात, ते आम्ही लहानपणी पाहिलेले. हातात ब्रश घेतलेला तो खट्याळ गट्टू आठवतो ना? आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली काढलेला. असा शंभर मिलीचा इनॅमलचा डबा मला साठ रुपयांना पडला. त्यात पंचवीस हुकांना दोन-दोन हात बसतात.

दोन हात, आणि दोन्ही पातळ. हे का, तेही सरांनीच समजावलं. इनॅमल नुसतं पाणी उडून सुकावं तसं सुकत नाही. त्यातलं टर्पेंटाइन उडतं आणि मग तेलकट भाग हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो. जाड थर दिला तर वरची साय आधी धरते, आतलं ओलंच राहतं आणि मग सुरकुत्या पडतात. दुधासारखंच. एका हातानंतर चोवीस तास थांबायचं, आणि शेवटच्या हातानंतर आठवडाभर वस्तू वापरायची नाही. वर कोरडी दिसली तरी ती कच्चीच असते. जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही रंगकाम बंदच ठेवतो. दिवाळी ते होळी हा आपला हंगाम. वाळताना धूळ आणि माश्या चिकटतात, त्यावर उपाय म्हणजे वस्तूंवर रोवळी पालथी घालायची आणि वर जुन्या धोतराचा तुकडा. हवा खेळती राहते.

स्प्रेचे डबेही मिळतात. सुबक काम होतं, खोटं कशाला बोलू. पण अडीचशे रुपयांच्या डब्यात माझ्या हिशेबाने वीस हुकं झाली, म्हणजे नगाला साडेबारा रुपये. कारण लहान वस्तूवर फवारताना निम्म्याहून जास्त रंग हवेत जातो, आणि तो आपल्या छातीतही जातो. बंधूने आकडा ऐकला आणि डबा कपाटात ठेवून दिला.

आता मुख्य गोष्ट. एवढं सगळं होऊनही मनाला एक बोच होती. वस्तू त्याची, रंग माझा. मी रंगवत असताना तो शेजारी स्टुलावर बसून बघायचा आणि काही बोलायचा नाही. एकदा भावजयीला म्हणाला, "ताईचे मासे छान दिसतात." त्यातला "ताईचे" हा शब्द माझ्या मनात राहिला. मग मी ब्रश न लागणाऱ्या रीती शोधायला लागले. खर्च कमी व्हायला हवाच होता, पण आता स्थिर हाताची गरजही कमी व्हायला हवी होती.

पहिली रीत बुडवण्याची. अरुंद तोंडाच्या बरणीत इनॅमल घ्यायचं, दहा भागाला एक भाग टर्पेंटाइन घालून थोडं पातळ करायचं, नायलॉनच्या जुन्या मोज्यातून गाळायचं. वस्तूला तारेचा आकडा अडकवून ती हळूच बुडवायची, हळूच वर काढायची, आणि बरणीवरच निथळू देऊन मग दोरीवर टांगायची. टोकाला थेंब जमतो, तो कागदाच्या कडेने टिपून घ्यायचा. तारेच्या, आऱ्यांच्या वस्तूंना तर ब्रशपेक्षा हीच रीत बरी, कारण गोल तारेवर ब्रशचा रंग एका बाजूलाच बसतो. हात कापला तरी बिघडत काहीच नाही, उलट थोडं हलवल्याने बुडबुडे निघून जातात! उरलेला रंग झाकण घट्ट लावून, डबा पालथा ठेवायचा. साय धरलीच तर ती तळाकडे जाते.

दुसरी रीत रंगाविना काळं करण्याची. आपल्या आज्या बिडाचा तवा तेल लावून तापवून काळा, गुळगुळीत करायच्या, तीच ही. जवसाचं तेल हवेत आणि उष्णतेने घट्ट होणारं तेल आहे, म्हणून ते उत्तम. स्वच्छ केलेलं लोखंड अंगणात शेगडीवर चांगलं गरम करायचं, सांडशीने धरून चिंधीने तेलाचा अगदी पातळ हात पुसायचा, आणि धूर थांबेपर्यंत पुन्हा तापवायचं. असं तीन-चार वेळा केलं की सुंदर काळा रंग चढतो, जुन्या वाड्यांच्या कड्या-कोयंड्यांसारखा. ही रीत घरातल्या वस्तूंसाठी. उघड्यावर पावसात ती टिकणार नाही. शिवाय दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. जस्ताचा किंवा रंग दिलेला पत्रा कधीही असा तापवू नका, त्याचा धूर वाईट. आणि जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगाळून टाकू नका. तेल घट्ट होताना उष्णता निघते आणि गोळा केलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. पाण्यात भिजवून, मग पसरून वाळवून टाका. टर्पेंटाइनची बाटली तर शेगडीच्या आसपासही नको.

या कामाला ब्रश नाही, रेघ नाही, नुसतं पुसणं. सांडशी डाव्या, न कापणाऱ्या हातात, चिंधी उजव्या हातात. पहिला पणतीचा स्टँड काळा करून त्याने उन्हात धरला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "हा आपल्या घराच्या दाराच्या कडीसारखा झाला." आपल्या म्हणजे आमच्या आईवडिलांच्या घराच्या. ते घर आता नाही. आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही.

आणखी बारीक गोष्टी थोडक्यात सांगते. पितळेची वस्तू चिंचेने किंवा कोकमाने उजळून, धुऊन, अगदी कोरडी करून चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तिचा एक हात द्यावा, बरेच दिवस काळी पडत नाही. पाणी लागलं तर मात्र चपडा पांढुरका होतो, म्हणून ती शोभेच्या वस्तूंसाठीच. कानातल्याएवढ्या चिमुकल्या वस्तूला सुनेची उरलेली नेलपॉलिश बेष्ट. माशाचा डोळा काढायला ब्रश नकोच, खिळ्याचं डोकं रंगात टेकवून ठिपका द्यावा, रांगोळीच्या ठिपक्यासारखा गोल येतो. पणतीच्या स्टँडला जिथे ज्योत लागते तिथे रंग लावू नये. आणि ज्यात खायचं-प्यायचं त्या भांड्याला रंग मुळीच नाही. तिथे कल्हईच हवी, आणि ते कल्हईवाल्याचं काम.

आता लहान मुलांबद्दल. पुण्याच्या भाचीने विचारलं होतं, "मावशी, बैलगाडी पाठव ना बाळाला. चाटली तर चालेल ना?" तिला दिलेलं उत्तर सगळ्यांसाठीच लिहिते. नाही चालणार. रंगांत पूर्वी शिसं फार असायचं, विशेषतः चटकदार पिवळ्या, केशरी आणि लाल रंगांत. शिसं मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधक असतं, आणि किती शिसं निर्धोक अशी मर्यादाच सापडलेली नाही. आपल्या देशात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भागांपेक्षा जास्त शिसं नको, असा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पण तो कारखान्यांच्या आणि गाड्यांच्या रंगांना लावलेला नाही. म्हणून डब्यावर शिसं नसल्याचं लिहिलेलं पाहूनच घ्यायचा. आमच्या आळीतल्या एका सद्गृहस्थांनी माळ्यावरचे जुने आठ-दहा डबे फुकट देऊ केले होते. बंधू खूश झाला, पण त्यांतला एकही २०१७ नंतरचा नव्हता. हात जोडून परत दिले. इथे काटकसर नाही. जुना रंगही कोरडा खरवडू नये, ती धूळ घरभर होते. शिवाय पत्र्याला कडा असतातच. बैलगाडी भाचीकडे गेली आहे, पण उंच फळीवर ठेवायच्या अटीवर. बाळ शाळेत जायला लागलं की हातात द्या, बैलांची नावं तेव्हा ठेवू.

असो. वहीतला हिशेब सांगून आटोपतं घेते. एका हुकामागे पॉलिश पेपर एक रुपया वीस पैसे, प्रायमर पंचावन्न पैसे, इनॅमल दोन रुपये चाळीस पैसे, टर्पेंटाइन, लिंबूफूल आणि सोडा मिळून पंच्याऐंशी पैसे. एकूण पाच रुपये. मर्यादेच्या आत एक रुपया. टर्पेंटाइन दोनदा वापरलं म्हणून हे साधलं. ब्रश धुतलेलं टर्पेंटाइन बाटलीत ठेवलं की रंग तळाशी बसतो आणि वरचं निवळ परत वापरता येतं. काळ्या केलेल्या स्टँडचा खर्च याहूनही कमी आहे. बंधूने वही पाहिली, बेरीज स्वतः करून पाहिली (फिटर असला तरी मास्तरणीचा भाऊ), आणि दिवाळीसाठी चाळीस नगांचं काम हातात घेतलं. बुडवणं आणि तेलकाम आता तो करतो. माझ्याकडे राहिलेत ते माशांचे डोळे आणि हिशेब.

ज्यांच्या घरी त्याच्या वस्तू आहेत त्यांना एक सांगणं. मे महिन्याच्या शेवटी त्या एकदा कोरड्या फडक्याने पुसा. कुठे ओरखडा पडून लोखंड दिसत असेल तर तेवढंच घासून रंगाचा एक ठिपका द्या, गंज तिथूनच आत शिरतो. काळ्या स्टँडला वर्षातून एकदा तेलाचं बोट पुसा. आणि कृपा करून "जपून ठेवलंय हो" असं म्हणत माळ्यावर टाकू नका. किल्ल्या अडकवा, पणत्या लावा. रंग उडाला तर कळवा, पुन्हा देऊ. पाच रुपयांचाच तर प्रश्न आहे.